नापासकरांचा डावा दिवा

वाहन तपासणी केंद्रात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक पाठीमागे नावं ठेवणारच. या गृहस्थांना ठेवलेलं नाव होतं नापासकर. ते इतकं चपखल बसलं होतं की एका नवख्या टॅक्सीवाल्याने अर्जावर खरोखरच 'माननीय नापासकर साहेब यांस' असं लिहून दिलं. त्याची टॅक्सी ब्रेकपासून हॉर्नपर्यंत धडधाकट होती, पण मागच्या सीटचा पट्टा जरा आखडतो म्हणून परत गेली.

नापासकर एक पैसा खात नसत. खरी पंचाईत तीच होती. खाणाऱ्या माणसाशी निदान बोलता येतं. यांच्याशी बोलायला गेलं की ते गाडीभोवती आणखी एक फेरी मारत आणि आणखी एक दोष काढत. त्यामुळे जाणती मंडळी तोंडाला कुलूप लावून उभी राहत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद, हातात फळीला लावलेला तपासणीचा कागद. "बॉनेट उघडा," ते म्हणत. गाडीवाला उघडे. ते दोन पावलं मागे उभे राहून, विहिरीत डोकावल्यासारखं आत डोकावत. सव्वीस वर्षांत त्यांच्या बाहीला काळा डाग लागला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना गाड्यांपेक्षा जास्त अभिमान होता. पुढच्या दिव्याचा बल्ब गेलेला असला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "नापास. घरच्या घरी बदला. पाच मिनिटांचं काम आहे." हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. स्वतः त्यांनी आयुष्यात एकही बल्ब बदलला नव्हता, अगदी न्हाणीघरातलासुद्धा. तो बायको बदलायची.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी नापासकर बायकोला दवाखान्यातून घेऊन घरी आले. बायको एका दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. डॉक्टरांच्या हातात अवजारं देणं, पेशंटच्या तोंडात उजेड धरणं आणि पेशंट ओरडला की 'झालं, झालं' म्हणणं ही तिची कामं. नापासकरांनी गाडी इमारतीच्या भिंतीसमोर लावली, तेव्हा भिंतीवर उजेडाचा एकच गोळा पडला.

"अहो, एक डोळा मिटलाय गाडीचा," बायको म्हणाली.

नापासकर खाली उतरले. त्यांनी डाव्या दिव्यावर दोन चापट्या मारल्या. रोज त्यांच्यासमोर लोक हेच करत आणि ते मनातल्या मनात त्या लोकांची कीव करत. दिवा काही लागला नाही.

एरवी हे काही मोठं संकट नव्हतं. पण सोमवारी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्याच गाड्यांची वार्षिक तपासणी होती. तिची यादी नापासकरांनी स्वतः केली होती, स्वतः सूचना फलकावर लावली होती आणि इतरांना धडा मिळावा म्हणून स्वतःचं नाव सगळ्यात वर घातलं होतं.

"समोर द्या की टाकून," बायको म्हणाली.

समोर, रस्त्यापलीकडे, एक गॅरेज होतं. त्या गॅरेजवाल्याने दुरुस्त केलेल्या अकरा गाड्या नापासकरांनी गेल्या वर्षभरात परत पाठवल्या होत्या. शेवटच्या खेपेला तो म्हणाला होता, "साहेब, तुमच्याकडे गाडी आणण्यापेक्षा ती ढकलत घरी नेलेली बरी." त्याच्या दारात एकडोळी गाडी घेऊन जायचं? दुसरीकडे जावं तर गावातल्या प्रत्येक गॅरेजात त्यांचे असेच प्रेमाचे संबंध होते.

"कशाला? पाच मिनिटांचं तर काम आहे," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती जिना चढली. पंचवीस वर्षं दुखऱ्या दातांसमोर उभी राहिलेली बाई. कोण केव्हा ओरडणार हे तिला आधीच कळायचं.

शनिवारी नापासकर गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही असं त्यांना वाटत होतं, तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. गाडी मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडे लावली.

"बल्ब हवाय. पुढच्या दिव्याचा."

"कुठला?"

"डावा."

दुकानदाराने मान वर केली. "बल्बला डावं-उजवं नसतं हो, चप्पल आहे का ती? प्रकार कुठला? दोन पायांचा, तीन पायांचा? जुना आणलाय?"

"तो गाडीत आहे."

"मग गाडी कुठंय?"

"ती... लांब आहे."

दुकानदाराने गाडीचं मॉडेल आणि साल विचारून घेतलं, एक खोकं काढलं आणि गिऱ्हाईक अगदीच कच्चं आहे हे ओळखून आपणहून सल्ला दिला, "लवकर बदलून टाका. तपासणीला जाणार असाल तर त्या केंद्रात एक खडूस बसलाय. एका बल्बासाठी माणसाला गावभर फिरवतो."

"असं?" नापासकर म्हणाले. इथेच त्यांनी खोकं उचलून निघायला हवं होतं. पण दुसऱ्याचे दोष तपासायची सवय अशी की स्वतःचेही तपासून घेण्याचा मोह आवरला नाही. "खडूस म्हणजे कसा?"

दुकानदाराने सविस्तर सांगितलं. मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी राहिलेलं भरून काढलं. नापासकर बाहेर पडले तेव्हा टोपीखाली त्यांचे कान लालबुंद झाले होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षकांची सोय उत्तम होती. इमारतीच्या दारात खुर्ची टाकून सासरेबुवा बसले होते. ते मुलीकडे दोन-तीन महिन्यांसाठी राहायला आले होते. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलं होतं. वरच्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीच्या कठड्याला रेलले होते. मागच्या वर्षी त्यांची गाडी नापासकरांनी दोनदा परत पाठवली होती, त्यामुळे रविवारची झोप सोडून उठणं त्यांना जड गेलं नव्हतं. आणि रस्त्यापलीकडे, बंद गॅरेजच्या दारात, गॅरेजवाला स्टूल घेऊन बसला होता. सुट्टीच्या दिवशी तो तिथे एरवी कधी दिसत नसे.

नापासकरांनी बॉनेट उघडायची कळ शोधली. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. मग डिकी उघडली. तिसऱ्या प्रयत्नात बॉनेट खट्कन सुटलं. आता ते वर टेकवायचा गज कुठे असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तो नेहमी दुसऱ्याने लावलेला असे. पाच मिनिटं त्यांनी बॉनेट डोक्यावर पेललं.

"जावईबापू, डावीकडे बघा. पडलाय तो आडवा," सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले.

उजव्या दिव्यामागे प्रशस्त जागा होती, तिथे हात काय, अख्खा माणूस राहायला गेला असता. डाव्या दिव्यामागे बॅटरी होती, बॅटरीमागे पाण्याची टाकी होती आणि दोन्हींमधून एक फट होती. त्या फटीतून हात घालून, न दिसणाऱ्या जागी, न पाहिलेली वस्तू काढायची होती.

"डाव्या हाताचा खेळ आहे," असं मोठ्याने म्हणून नापासकरांनी उजवा हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. बोटांना वायरचा सॉकेट लागला. ओढला, निघेना. आणखी ओढला, तेव्हा तो एकदम निघाला आणि कोपर बॅटरीच्या कडेवर असं आपटलं की त्यांच्या तोंडून निघालेला शब्द तपासणीच्या कुठल्याच कागदावर लिहिता आला नसता. मग रबरी टोपण निघालं. मग तारेची एक बारीक क्लिप लागली, बल्बला जागेवर दाबून धरणारी. तिच्याशी ते झटत राहिले. शेवटी क्लिप सुटली, जुना बल्ब हातात आला, आणि आत कुठेतरी 'टिंग' असा गोड आवाज झाला.

"काय पडलं?" सासरेबुवांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी पडलं."

"क्लिप," नापासकर म्हणाले.

वरून शेजाऱ्यांचा आवाज आला, "राहू द्या की आता, साहेब! पाच मिनिटांचं काम, उद्या केलं तरी चालेल!"

नापासकरांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी नवीन बल्ब खोक्यातून काढला, उन्हात धरून नीट फिरवून पाहिला आणि शर्टाला पुसला. तेवढ्यात बायको खाली आली. तिने पायरीवरचं खोकं उचलून वाचलं.

"अहो, काचेला हात लावलात का?"

"मग कशाला लावू?"

"इथे लिहिलंय, लावू नका. हाताचं तेल लागलं की तापल्यावर तेवढ्या जागेत काच तडकते."

"माझ्या हाताला कुठलं तेल?"

"मघाशीच तर डोक्याला चोपडून आलात."

नापासकर बल्ब तिच्या हातात देऊन पुन्हा फटीत हात घालून क्लिप शोधू लागले. हात गेला, क्लिप सापडली नाही, आणि हात परत येईना. घड्याळाचा पट्टा कशालातरी अडकला होता. ते गाडीवर ओणवे, एक हात आत, गाल बॉनेटच्या गजाला टेकलेला. रस्त्यापलीकडून गॅरेजवाल्याने अगदी आदराने चहाचा कप वर करून दाखवला.

पट्टा सोडवायला वीस मिनिटं गेली. हात बाहेर आला तेव्हा शर्टाची पांढरी बाही कोपरापर्यंत काळी झाली होती आणि मनगटावर तीन ओरखडे होते. नापासकर पायरीवर बसले. त्या क्षणी त्यांना जे वाटलं तो राग नव्हता. लहानपणी परीक्षेत शेजारचा भराभर लिहितोय आणि आपल्याला प्रश्नच समजत नाही, तेव्हा जसं वाटायचं, तसं काहीसं वाटलं. पन्नाशी उलटल्यावर असं वाटणं फार वाईट. तक्रार करायला मास्तरही नसतात.

बायको वर जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आली. तिच्यात दवाखान्यातून बाद झालेला, लांब दांड्याचा, नखाएवढा गोल आरसा होता, वाकड्या टोकाचा चिमटा होता आणि स्पिरिटची बाटली होती.

"सरका जरा."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं काही कळत नाही. अंधाऱ्या भोकात पडलेलं मात्र सापडतं मला."

तिने आरसा फटीत सोडला, दुसऱ्या हाताने टॉर्च धरला आणि मान तिरकी केली. पेशंटच्या तोंडात बघताना होतो तसा तिचा चेहरा एकदम शांत झाला. "आहे. खाली, मागच्या दाढेपाशी," ती म्हणाली. दीड मिनिटात क्लिप चिमट्यात धरून बाहेर आली. तारेचा वाक नीट पाहून तिने क्लिपचं एक टोक जागेवर अडकवलं. मग कापसाला स्पिरिट लावून बल्बची काच पुसली आणि फडक्यात धरून तो खाचेकडे नेऊ लागली.

"आण इकडे," नापासकर म्हणाले. "आता मी बसवतो."

तिने दिला. सासरेबुवा म्हणाले, "डोळ्यांनी नका बघू, जावईबापू. बोटांनी बघा. आम्ही उलटी अक्षरं बोटांनी ओळखायचो."

नापासकरांनी बोटांनी पाहिलं नाही, जोर लावला. बल्ब आत गेला, क्लिप जरा कुरकुरली, तिच्यावर आणखी जोर लावला तेव्हा ती बसली. सॉकेट जोडला, बटण दाबलं. भर दुपारी एक वाजता, लख्ख उन्हात, डावा दिवा लागला.

"लावलेत एकदाचे दिवे, जावईबापू," सासरेबुवा उठत म्हणाले. त्यात कौतुक किती आणि काय किती, ते नापासकरांनी तपासलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी सगळं काम आपण कसं केलं ते सविस्तर सांगितलं. बायकोने ते ऐकून घेतलं. आरशाचा उल्लेख त्यात आला नाही.

सोमवारी केंद्राच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या आणि बाहेरच्या मिळून तीसेक गाड्यांची रांग होती. नापासकरांनी आपली गाडी सगळ्यात पुढे उभी केली. तपासायला त्यांचाच हाताखालचा तरुण तपासनीस होता. चार वर्षं त्यांच्याकडे शिकला होता. तोही आता दोन पावलं मागे उभा राहून आत डोकावायचा, शर्टाच्या बाह्या बंद ठेवायचा आणि 'बरं चालेल' हे शब्द विसरला होता. त्याने ब्रेक पाहिले, टायर पाहिले, हॉर्न वाजवायला लावला. मग रुळांवर सरकणारं दिव्यांचं यंत्र उजव्या दिव्यासमोर आणलं. ठीक. डाव्यासमोर आणलं आणि तो तिथेच थांबला. पुन्हा वाकला. कपाळ पुसलं.

"सर, डावा झोत वर जातोय."

"किती?"

"सर... पडद्याबाहेर."

नापासकर स्वतः वाकले. यंत्राच्या पडद्यावर उजेडाचा पट्टा कुठेच नव्हता. तो आकाशाकडे निघाला होता. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवायला किंवा झाडावरची पाखरं उठवायला उत्तम.

आणि मग नापासकरांच्या तोंडून ते निसटलं, "अरे, पण दिवा लागतोय ना?"

रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. हे वाक्य त्या आवारात रोज दहा वेळा उच्चारलं जाई, फक्त ते नेहमी पलीकडच्या बाजूने यायचं. तरुण तपासनीसाने लाल पेनाचं टोपण काढलं. "सर, तुम्हीच शिकवलंय," तो हळूच म्हणाला, "दिवा लागणं वेगळं आणि रस्ता दिसणं वेगळं."

त्यांना त्याला झापता आलं असतं. ते वरिष्ठ होते आणि त्यांनी 'पास लिही' म्हटलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. नापासकरांनी त्या लाल पेनाकडे पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "आणि नीट अक्षरात लिही."

कागद हातात घेऊन त्यांनी गाडी आवाराच्या कडेला नेली आणि बॉनेट उघडलं. गज पहिल्याच फटक्यात लावला. रांगेतले लोक एकेक करून जवळ सरकले. कोणीही हसलं नाही, आणि तेच फार वाईट होतं. सगळे मदत करू पाहत होते. एक म्हणाला बल्ब बदला, एक म्हणाला काच बदला, एक म्हणाला गाडी बदला. एवढ्यात गर्दीतून त्यांच्या घरासमोरचा गॅरेजवाला पुढे आला. एका गिऱ्हाइकाची व्हॅन घेऊन तो रांगेत उभा होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"साहेब, मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "उद्या म्हणाल, गॅरेजवाल्याने बिघडवलं. मी दोन पावलं मागे उभा राहून नुसता बघतो."

"बघा," नापासकर म्हणाले.

थोडा वेळ तो खरंच नुसता बघत राहिला. मग त्याला राहवेना. "क्लिपला जोर लावलात ना काल? ती जोर मागत नाही. मागितला तर समजायचं, बल्ब वाकडा बसलाय. त्याच्या बुडाला पत्र्याचे तीन कान आहेत. एक रुंद आहे, तो वर. रुंद कान रुंद खाचेत. बसला की आपोआप हलायचा थांबतो."

नापासकरांनी हात आत घातला. सॉकेट काढला, रबर काढलं, क्लिप सोडली, आणि या वेळी ती बोटाने धरून ठेवली. बल्ब बुडाशी पकडला. तीस माणसांच्या समोर त्यांनी डोळे मिटले. बोटांना एक कान लागला, अरुंद. दुसरा, अरुंद. तिसरा रुंद. त्यांनी तो वर फिरवला, जरा इकडे, जरा तिकडे, आणि बल्ब एकाएकी असा बसला की जणू तो तिथेच जन्मला होता. क्लिप नुसत्या बोटाच्या टेकूने मिटली.

नापासकर तसेच वाकून राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो गोष्टी जागेवर नसल्याचं शोधून काढलं होतं. जागेवर बसवलेली ही पहिलीच. बोटांच्या टोकांना अजून ती खाच जाणवत होती. त्यांना आपल्या बाहीकडे पाहायचं भानही राहिलं नाही.

यंत्र पुन्हा आणलं. पडद्यावर उजेडाचा पट्टा आखून दिल्यासारखा रेषेवर आला. मागे कोणीतरी टाळी वाजवली. नापासकरांनी वळून पाहिल्यावर ती अर्ध्यावर थांबली.

यानंतर नापासकर मवाळ झाले, लोकांना जीव लावू लागले, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. त्याच दिवशी, अर्ध्या तासाने, त्यांनी गॅरेजवाल्याची व्हॅन मागचा लाल रिफ्लेक्टर फुटलाय म्हणून परत पाठवली. गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला. बदल झाला तो एवढाच की 'पाच मिनिटांचं काम' हे शब्द ते उच्चारेनासे झाले. नुसतं 'नापास' म्हणून थांबत. कोणी फारच केविलवाणं तोंड केलं तर बल्बला तीन कान असतात हे बोटांनी हवेत काढून दाखवत. मागच्या लोकांचा खोळंबा होई, पण करणार काय, साहेब शिकवत होते.

रविवारची बातमी मात्र इमारतीत पसरली होती, आणि ती बरोबर पसरली होती, कारण शेजाऱ्यांनी गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. पुढच्याच महिन्यात त्यांच्या गाडीचा पुढचा बल्ब गेला, तेव्हा ते नवा बल्ब घेऊन खाली आले आणि नापासकरांना ओलांडून सरळ बायकोला म्हणाले, "वहिनी, तो आरसा घेऊन येता का जरा?" तिने चौदा मिनिटांत काम केलं. नापासकरांनी टॉर्च धरला. मध्येच ते म्हणाले, "रुंद कान वर हं." ती म्हणाली, "तुम्ही जरा कमी बोललात तर उजेड हलणार नाही."

मंगळवारी शेजारी तपासणीला गेले. रांग नापासकरांची निघाली. दिवे त्यांनी दोनदा तपासले, दोन्ही झोत रेषेवर होते. मग ते मागे गेले. नंबरप्लेटवरचा छोटा दिवा बंद होता. कागदावर लाल शेरा पडला.

शेजारी त्यांच्याशी बोलेनासे झाले. बायकोही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती जेवणाच्या ताटासमोर म्हणाली, "माझ्या हातचं काम होतं ते. जाताना चार बरे शब्द तरी लिहायचे."

"कागदावर तशी जागाच नसते," नापासकर म्हणाले. ते खरंही होतं. मग भाताशी चाळा करत ते म्हणाले, "पण पुढचा दिवा चांगलाच बसवलायस. सव्वीस वर्षांत इतका सरळ झोत मी पाहिला नाही."

तिने वाढायचा चमचा खाली ठेवला. आत बसलेले सासरेबुवा खोकले.

"आणि नंबरप्लेटचा दिवा?" तिने विचारलं.

"तो दोन स्क्रूंवर असतो. रविवारी आपण दोघं वर जाऊन त्यांच्याकडून गाडीची किल्ली घेऊ आणि बसवून देऊ."

"त्यांनी दार उघडलं तर," ती म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.